निवेकोंडच्या शाळेतली लहान बाकडी

१

निवेकोंडच्या बंद शाळेत चोरी झाली, हे लीला नागवेकरांना फोनवर कळलं तेव्हा पहिल्यांदा त्यांना हसूच आलं. तीन वर्षं कुलूप लागलेल्या शाळेतून नेण्यासारखं असतं काय? वटवाघळं?

"हसू नका, बाई," पलीकडून सुजय भुवड म्हणाला. "प्रकरण पोलिसांत जातंय. आणि नाव हुसेनभाईंचं लागणार आहे."

लीलाबाईंचं हसू जागच्या जागी विरलं.

सुजय तालुक्याचा शिक्षण विस्तार अधिकारी. नवखा शिक्षक असताना त्याने लीलाबाईंच्या हाताखाली काम केलं होतं. त्या केंद्रप्रमुख म्हणून निवृत्त झाल्या, तो साहेब झाला, तरी त्याच्या तोंडचं 'बाई' काही सुटलं नव्हतं. आणि हुसेन होडेकर म्हणजे शाळेला लागून असलेलं घर. सगळं आयुष्य जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढून गावी परतलेला माणूस. शाळा बंद झाली तेव्हा किल्ली कुणाकडे ठेवायची याची चर्चासुद्धा झाली नव्हती. हुसेनभाई असताना दुसऱ्या कुणाचं नाव कोण घेणार?

"गेलंय काय पण?"

"बाकडी. आणि काही किडुकमिडुक. इमारत ताब्यात द्यायची म्हणून काल उघडली, तर निम्मा वर्ग रिकामा. कुलूप शाबूत. किल्ली एकच. हुसेनभाईंना विचारलं तर हो नाही आणि नाही नाही. नुसते बघत बसले. बाई, मला त्या माणसाला पोलीस स्टेशनात उभं करायचं नाहीये. पण अहवाल दिला नाही तर माझीच चौकशी लागेल. वर्गात कुणाची पट्टी हरवली तर छडी न उचलता तुम्ही शोधून काढायचात. तसं काही जमतंय का बघा."

दुसऱ्या दिवशी सकाळी लीलाबाई सुजयच्या मोटारसायकलवर मागे बसून, उन्हाची छत्री मांडीवर आडवी धरून निवेकोंडला पोचल्या. खाली खाडी, खाडीला लागून मोहल्ला, मधल्या उतारावर शाळा आणि तिच्याभोवती वाडी, आणि वर सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, नजर पोचेल तिथवर हापूसच्या बागा. झाडं मोहोराने लाल-पिवळी झाली होती.

नोकरीची पहिली दहा-अकरा वर्षं बाईंनी याच शाळेत काढली होती. तेव्हा पट शंभराच्या वर असायचा. निम्मी मुलं मोहल्ल्यातली, निम्मी वाडीतली. आसपासच्या गावांतल्या मुली तिसरीनंतर घरी बसत, त्या काळात निवेकोंडच्या चौथीत मुलांपेक्षा मुली जास्त, हे सांगताना बाईंची मान आजही ताठ व्हायची. त्या मुलांतलं कुणी आता जहाजावर चीफ इंजिनियर होतं, कुणी कुवेतला नर्स, कुणी देवरूखच्या कॉलेजात शिकवत होतं. पोरं शिकली आणि शिकली म्हणूनच गाव सोडून गेली. जी मागे राहिली त्यांची मुलं पिवळ्या व्हॅनमधून इंग्रजी शाळेत जाऊ लागली. पट घसरत घसरत चारावर आला, आणि एके दिवशी शाळा शेजारच्या गावच्या शाळेत विलीन झाल्याचा कागद आला.

सुजयने दार ढकललं. "बघा."

बाईंनी आत पाऊल टाकलं, छत्री भिंतीला टेकवली, आणि सुजय बघतच राहिला. पासष्टीच्या लीलाबाई पदर खोचून सरळ जमिनीवर गुडघे टेकून बसल्या.

२

"बाई, काय झालं? चक्कर आली का?"

"चक्कर कसली! मुलांच्या खोलीत काय घडलंय ते मुलांच्या उंचीवरून बघायचं असतं. तूही बस."

सुजय बसला. धुळीत बाकड्यांच्या पायांचे ठसे चौकोनी राहिले होते, म्हणजे बाकडी जिथे होती तिथे जमीन स्वच्छ आणि भोवती धुळीची किनार. बाईंनी हातानेच अंतर मोजलं.

"गेली ती सगळी बुटकी बाकडी. पहिली-दुसरीची. तिसरी-चौथीची उंच बाकडी इथेच आहेत. ती लोखंडी पायांची, चांगली वजनदार. भंगारात कुठली जास्त जातील?"

"उंच."

"हं. आणि हे कपाट?"

स्टीलचं कपाट जागेवर होतं. त्याला कुणी हातही लावलेला नव्हता. भिंतीवर भारताचा नकाशा होता, पुढाऱ्यांच्या तसबिरी होत्या. त्यांच्या मधोमध मात्र दोन फिकट चौकोन उरले होते. तिथे मुळाक्षरांचा तक्ता आणि अंकांचा तक्ता लावलेला असायचा, हे बाईंना सांगायची गरज नव्हती. खिळे त्यांनीच ठोकले होते.

मग त्या मागच्या खिचडीच्या खोलीत गेल्या. शंभर मुलांची खिचडी शिजायची तो प्रचंड टोप कोपऱ्यात पालथा पडला होता. त्याच्या शेजारचं मधलं पातेलं गायब होतं. मोठा डावही.

"घरच्या चुलीला ते पातेलं फार मोठं," बाई स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या. "आणि लग्नकार्याला फार लहान."

सुजय वैतागला. "बाई, म्हणजे चोर अर्धवट डोक्याचा होता म्हणायचं का? भारी माल सोडून हलका नेला."

"उलट. त्याला काय लागतं ते त्याला पक्कं ठाऊक होतं."

उंबरठ्याच्या फटीत काहीतरी पिवळं अडकलेलं होतं. बाईंनी नखाने उकरून काढलं. भाताच्या पेंढ्याच्या काड्या. एक-दोन नाहीत, चांगल्या मूठभर, दारापासून पायरीपर्यंत सांडलेल्या.

सुजयचे डोळे चमकले. "पेंढा! आंब्याच्या पेट्यांत घालतात तो. गाडीत बाकडी घासू नयेत म्हणून खाली अंथरला असणार. बाई, या गावात पेंढा भरलेली पिकअप एकाच माणसाकडे आहे. आणि ही इमारत गोदामासाठी मागणारा माणूसही तोच."

तेवढ्यात बाहेर पायरीशी गाडीचा हॉर्न वाजला. सुजय दारात गेला आणि मागे वळून हलक्या आवाजात म्हणाला, "नाव घेतलं आणि आलेच. देवदत्त मुळ्ये."

३

देवदत्त मुळ्ये निवेकोंडचे सगळ्यांत मोठे बागायतदार. सड्यावरच्या निम्म्या कलमांवर त्यांचं नाव. उंच, उन्हाने रापलेले, बोलणं तुटक. गाडीतून न उतरताच त्यांनी विचारलं, "सुजयराव, ताबा कधी देताय?"

"चोरी झालीय, मुळ्येकाका. त्याचं निस्तरल्याशिवाय कसा देणार?"

"चार फळकुटं गेली त्याला चोरी म्हणता?" मुळ्येंनी बाईंकडे बघितलं आणि आवाज जरा खाली आणला. "नमस्कार बाई. तुम्ही कशा काय इकडे?"

"माझी शाळा आहे, देवदत्तराव. कुणी आजारी असलं की भेटायला येतोच ना आपण." बाई गाडीजवळ गेल्या. मागच्या हौद्यात पेंढा होता. त्यांनी तो बघितला आणि बघितल्याचं दाखवलं नाही. "शाळेची इमारत कशाला हवीय तुम्हाला?"

"आंबा ठेवायला. दुसरं कशाला?"

"पण तुमची सड्यावरची पॅकिंगची शेड आहे ना? चांगली लांबरुंद आहे म्हणतात."

"ती भरलीय."

"आत्ता?"

"आत्ताच. आणि आंबा सुरू व्हायच्या आत मला इमारत हवी आहे. उशीर झाला तर माझी पंचाईत होईल, सुजयराव, एवढं लक्षात ठेवा." गाडी वळली आणि धुरळा उडवत वर गेली.

सुजय खूश झाला होता. "बघितलात तोरा? पेंढाही दिसला. बाई, याने हुसेनभाईंना दमात घेऊन किल्ली मिळवली असणार. म्हणून ते गप्प."

बाई वर सड्याकडे बघत होत्या. मोहोर अजून झाडावर होता. कुठे कुठे कैरी धरली होती, सुपारीएवढी. आंबा उतरायला अजून अवकाश होता.

मग शेड भरली कशाने?

४

हुसेनभाईंच्या पडवीत इफ्फतने कोकमाचं सरबत आणून ठेवलं. इफ्फत त्यांची सून. शाळा चालू असताना मुलांची खिचडी तीच शिजवायची. तिच्या हातची खिचडी खायला मास्तर डबा घरी विसरून यायचे.

"बसा वो बाई, किती दिवसांनी आलात," ती म्हणाली, पण नजर मिळवत नव्हती.

"मनाल कशी आहे गं?" बाईंनी विचारलं. मनाल इफ्फतची मुलगी. निवेकोंडच्या शाळेची विद्यार्थिनी. पुढे डी.एड. झालेली.

"मनाल लोट्याला असते. कंपनीत लागलीय. मामाकडे राहते खेडला. रविवारी येते फक्त."

"आणि मास्तरकीचं काय झालं?"

इथे मात्र इफ्फतचा चेहरा उजळला. "यादीत नाव आलंय वो बाई! आता पोलिसांचा चांगल्या वागणुकीचा दाखला झाला की ऑर्डर. या गावातून बाई व्हायला निघालेली पहिली पोरगी माझी." बोलता बोलता ती एकदम थांबली, आणि आत निघून गेली.

अंगणातल्या दोरीवर एक पिवळीधमक ओढणी वाळत होती. अजून ठिबकत होती. बाईंनी सरबताचा घोट घेतला. आज बुधवार होता.

हुसेनभाई झोपाळ्यावर बसले होते. पांढरी दाढी, पांढरी टोपी, गुडघ्यांवर ठेवलेले दोन्ही हात.

"हुसेनभाई," सुजय मवाळपणे म्हणाला, "मुळ्येंनी दम दिला असेल तर सांगा. तुमच्या केसाला धक्का लागू देणार नाही मी."

म्हातारा पहिल्यांदाच बोलला. "मुळ्येंचा काय संबंध नाय. त्यांचं नाव घेऊ नका."

"मग कुणाचं घेऊ?"

"माझं." हुसेनभाईंनी मान वर केली. "मी विकली बाकडी. देवरूखचा भंगारवाला आला होता, त्याला दिली. लिहा तुमच्या कागदावर. सही करतो."

आतून भांडं पडल्याचा आवाज आला.

५

"आता काय राहिलं?" बाहेर आल्यावर सुजय म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. "कबूलच केलं त्यांनी."

"सुजय, हा माणूस जहाजाचं इंजिन सुटं करून परत जोडायचा. लोखंडाचं वजन त्याला कळत नाही? भंगारवाल्याला लाकडी बुटकी बाकडी देईल आणि लोखंडी ठेवील? आणि भंगारवाला मुळाक्षरांचा तक्ता घेऊन काय करील, पोराबाळांना शिकवील?"

"मग खोटं का बोलतायत?"

"खोटं बोलायचा सराव नाही त्यांना. म्हणून इतकं वाईट बोलले. तक्रार संध्याकाळपर्यंत थांबव, आणि चल माझ्याबरोबर सड्यावर."

चढ दमवणारा होता. दोन्ही बाजूंना चिऱ्याचे गडगे, कमरेएवढ्या दगडी भिंती, आणि गडग्यांपलीकडे कलमं. दूर कुठेतरी चिरेखाणीत यंत्र घरघरत होतं. लीलाबाई जागोजागी थांबत होत्या, दम खात होत्या आणि इकडेतिकडे बघत होत्या. बागेत निळ्या ताडपत्रीची झोपडी होती. तिच्यापुढे चूल, दोरीवर पोरांचे कपडे. थोडं पुढे तशीच दुसरी. खाणीच्या अंगाला पत्र्याच्या खोल्यांची रांग.

"हे नेपाळी गुरखे, बागा राखणारे," सुजय म्हणाला. "खाणीवरचे विजापूरकडचे. पावसाळा संपला की येतात. खाली बोटींवरचे खलाशीही आता बाहेरचेच. आपली माणसं उरलीयत कुठे या कामांना?"

"कुटुंबं घेऊन येतात?"

"आता येतात."

गडग्यावर एक सहा-सात वर्षांची मुलगी पाय सोडून बसली होती. गोरी, चपट्या नाकाची, दोन घट्ट वेण्या. पांढरं पातळ, चष्मा आणि हातात छत्री असलेली बाई समोरून येताना दिसली, तशी ती टुणकन खाली उतरली आणि ताठ उभी राहिली. आणि मग उजव्या हाताची करंगळी तिने वर केली.

बाईंच्या तोंडून सवयीनेच निघून गेलं, "जा, लवकर ये."

मुलगी झाडामागे पळाली.

बाई तिथेच थांबल्या. चष्मा काढून त्यांनी डोळे पुसले. सुजयला वाटलं घाम आला असेल.

"बघितलंस?"

"काय? पोरगी शूला गेली."

"सुजय, घरात वाढलेलं पोर परवानगी मागतं का रे त्याची? रानात तर नाहीच नाही. जगात करंगळी वर करून विचारायची एकच जागा आहे. ती जागा या पोरीला कुणीतरी दिलीय, आणि तिथूनच ती आत्ता बाहेर आलीय." बाईंनी छत्री मिटली. "चल. मुळ्येंची शेड कशाने भरलीय ते मला कळलं."

६

शेडच्या दारातच त्यांना आवाज ऐकू आला. एकदम पंचवीस-तीस गळ्यांचा.

"मासा!"

"नेपाळीत?" एका तरुणीच्या आवाजाने विचारलं.

"माछा!"

"कानडीत?"

"मीनु!"

"आणि आमच्या मोहल्ल्यात?"

"म्हावरा!"

"सगळ्यांत पहिलं अक्षर कुठलं आलं?"

"मऽऽऽ!" पत्रे दणाणले.

लीलाबाई दाराआड उभ्या राहून ऐकत होत्या. चाळीस वर्षं त्यांनी 'म मगराचा' शिकवला होता. कोकणातल्या पोरांनी मगर कधी पाहिली होती? इथे चार भाषांतली पोरं एका मासोळीवरून एका अक्षराशी येऊन पोचली होती. हे त्यांना कधी सुचलं नव्हतं, आणि त्याचं त्यांना वाईट वाटलं नाही. उलट छाती भरून आली.

आत आंब्याच्या रिकाम्या पेट्या भिंतीला रचून ठेवल्या होत्या. मधल्या जागेत बुटक्या बाकड्यांच्या रांगा, एकेका बाकड्यावर तिघं-तिघं. खांबाला मुळाक्षरांचा तक्ता. कोपऱ्यात विटांवर मधलं पातेलं. आणि फळ्याशी, हाताला खडू लागलेली, मनाल.

तिने दोघांना बघितलं. क्षणभर तिचा रंग उडाला. मग तिने खडू खाली ठेवला, मुलांना पाटीवर 'म' गिरवायला सांगितलं आणि बाहेर आली.

"बाई, बाकडी मी नेली," ती म्हणाली. "आजोबांनी काही विकलेलं नाही. त्यांचं नाव घालू नका. साहेब, तक्रार माझ्या नावाने करा."

"नोकरी जाईल तुझी," सुजय म्हणाला. "यादीत नाव आहे ना? पोलीस केस झाली की संपलं."

"ठाऊक आहे. म्हणून तर आजोबा खोटं बोलले. पण त्यांच्यावर चोरीचा डाग ठेवून मी बाई होणार नाही."

लीलाबाई एका पेटीवर बसल्या. "मला वाटलंच होतं. बुटकी बाकडी म्हणजे लहान मुलं. मधलं पातेलं म्हणजे तीसेक पोटं, आणि त्या मापाचं पातेलं अचूक उचलणारी इफ्फतच. पेंढा मुळ्येंचा. रविवारीच घरी येणाऱ्या पोरीची ओढणी बुधवारी ओली. हे सगळं जुळत होतं. जुळत नव्हतं ते एकच. हे लपवायचं कशाला?"

"परवानगीशिवाय शाळा चालवणं गुन्हा आहे, बाई," मनाल म्हणाली. "गावात दिसायला नको म्हणून लोट्याची गोष्ट रचली. अंधार असतानाच वर येते मी."

"अर्ज करायचास."

"केला होता. दोन वर्षांपूर्वी. वाटेत गडग्यावर दोन वेण्यांची गंगा बसली असेल, बघितलीत ना तुम्ही? ती तेव्हा शाळेच्या बंद दाराशी रोज येऊन पायरीवर बसायची. शाळा बंद आहे म्हटलं तरी तिला पटायचं नाही. अर्जाला उत्तर आलं, सर्वेक्षणानुसार निवेकोंडमध्ये शाळेत न जाणारं एकही मूल नाही."

सुजय खाली बघत होता. "ते सर्वेक्षण मी केलं होतं," तो हळूच म्हणाला. "घरोघर फिरून. एकही घर सोडलं नव्हतं."

"कुठल्या महिन्यात?" बाईंनी विचारलं.

"जूनमध्ये. नेहमी जूनमध्येच…" तो बोलता बोलता थांबला.

"जूनमध्ये खाण बंद. बोटी किनाऱ्याला. बागेतली बरीचशी माणसं गावी गेलेली. आणि जी उरतात त्यांच्या ताडपत्रीला घर क्रमांक नसतो. तू घरं मोजलीस, सुजय. प्रामाणिकपणे मोजलीस. पण मुलं घरांत नव्हती."

मागे पावलं वाजली. मुळ्ये होते. गाडी लांब लावून चालत आले असावेत. चढावर या दोघांना बघूनच त्यांनी ताडलं होतं.

"पोरीला काही बोलू नका," ते आल्या आल्या म्हणाले. "शेड माझी, गाडी माझी. बाकडी मीच वाहून आणली."

"आणि इमारत मागितलीत ती आंब्यासाठी नव्हे," बाई म्हणाल्या. "आंबा उतरला की शेडमध्ये पेट्या येणार. मग ही मुलं कुठे बसणार?"

मुळ्येंनी मान हलवली. त्यांचा तुटक आवाज आणखी तुटला. "माझ्या गुरख्याचा मुलगा होता, दहा वर्षांचा. फवारणीचं औषध सरबताच्या बाटलीत काढून ठेवलेलं. वर कागद चिकटवला होता मी, मोठ्या अक्षरात, 'विष'. त्याला वाचताच येत नव्हतं. रत्नागिरीच्या डॉक्टरांनी वाचवला म्हणून. त्या दिवशी मी होडेकरांच्या घरी गेलो, मनालने या पोरांना शिकवावं म्हणून सांगायला. आमच्यात दोन पिढ्या बोलचाल नव्हती. गडग्याचं भांडण. हुसेनने काही विचारलं नाही. आत जाऊन शाळेची किल्ली घेऊन आला."

आत कुणीतरी पाटी आपटली आणि दुसऱ्याने कानडीत त्याची तक्रार केली.

सुजय पुढे झाला. दारातून आत डोकावून बराच वेळ बघत राहिला. मग त्याने पिशवीतून अहवालाचा कागद काढला.

"बाई, सरकारी शाळेची बाकडी गावातल्या शिकणाऱ्या मुलांच्या खाली आहेत. एकही मोडलेलं नाही. यात चोरी कुठे लिहू?"

"जे बघतोयस ते लिही," लीलाबाई म्हणाल्या. "आणि आपला जूनही लिही. लाज वाटू देऊ नकोस त्याची."

"इमारतीचा ताबा?"

"मी अर्ज मागे घेतो," मुळ्ये म्हणाले. "शाळाच उघडणार असेल तर आत्ता लिहून देतो."

मनाल अजून ताठ उभी होती. तिला बहुतेक खरं वाटत नव्हतं. लीलाबाईंनी तिचा खडूने माखलेला हात हातात घेतला.

"तुला 'म' कुणी शिकवला होता गं?"

"तुम्हीच नाही का, बाई? निवृत्त व्हायच्या आधी तपासणीला यायचात तेव्हा. मगराचा."

"तो विसर. तुझाच बरा आहे."

७

सुजयचा अहवाल वर गेला. तिथे तो बरेच दिवस फिरला, त्यावर शेरे पडले, दोनदा परत आला. सुजय दोन्ही वेळा तो स्वतः घेऊन गेला आणि टेबलापुढे उभा राहिला. दुसऱ्या वेळी लीलाबाईही गेल्या. बोलल्या फार नाहीत. फक्त साहेबांना म्हणाल्या, मोजणी पुन्हा करायची तर खाण चालू आहे तोवर करा, मी वाट दाखवायला येते. साहेब खरंच आले. मुळ्येंच्या शेडमध्ये त्यांनी डोकी मोजली, आणि मग विशेष पटनोंदणीचा आदेश निघाला.

मनालचा दाखला स्वच्छ आला. तिला देवरूखच्या वरच्या अंगाला डोंगरातली एक शाळा मिळाली. जायच्या आधी तिने एकच अट घातली, की निवेकोंडच्या मुलांची नावं दाखल झाल्याशिवाय आपण हलणार नाही. नवा शिक्षक येईपर्यंत वर्ग कोण घेणार, असा प्रश्न निघाला तेव्हा सगळ्यांनी लीलाबाईंकडे बघितलं. बाईंनी छत्री उचलली आणि विचारलं, "पहिली बस किती वाजता असते?"

नोंदणीच्या दिवशी शाळेच्या ओटीवर टेबल मांडलं. अंगण भरलं होतं. नेपाळी बायका नवी पातळं नेसून आल्या होत्या. खाणीवरचे बाप अंगावरची लाल धूळ झटकून, केस ओले करून रांगेत उभे होते. मोहल्ल्यातूनही दोन आया आल्या. त्यांची मुलं व्हॅनमधून जायची, पण घरी येऊन म्हणे रोज विचारायची, सड्यावरच्या शाळेत आम्हाला का नाही पाठवत. इफ्फतने पहाटेच चूल पेटवली होती. ओटीच्या एका टोकाला मुळ्ये आणि हुसेनभाई शेजारी शेजारी बसले होते. फारसं बोलत नव्हते, पण बसले होते.

सुजय नावं लिहून घेत होता. मातृभाषेच्या रकान्यात एकाखाली एक नेपाळी, कानडी, मराठी, उर्दू, पुन्हा कानडी असं चाललं होतं. लीलाबाई मागे उभ्या राहून बघत होत्या. त्यांच्या काळातल्या शंभराच्या पटातही इतक्या भाषा कधी नव्हत्या. हा पट लहान होता, पण या शाळेने पूर्वी कधी पाहिला नव्हता असा होता, आणि निवेकोंडचं नाव कुठेही ताठ मानेने सांगावं असं त्यांना वाटलं.

खाणीवरच्या एका माणसाचा मुलगा टेबलाशी आला. सुजयने नाव लिहिलं, वय लिहिलं.

"गाव?"

बाप पुढे झाला. "विजापूर, साहेब. तिथून आत, तालुका…"

"निवेकोंड," मुलगा म्हणाला.

बापाने त्याला कोपराने ढोसलं. मुलाने पुन्हा तेच सांगितलं, जरा मोठ्याने. सुजयचं पेन थांबलं. त्याने बापाकडे बघितलं, मग मुलाकडे. काय लिहावं ते त्याला कळेना.

ओटीच्या टोकावरून हुसेनभाईंचा आवाज आला.

"लिहा साहेब, बरोबर सांगतोय तो. आमच्याच गावचा आहे."